खवले मांजराचे कान

तोंडावर मी त्यांना भावजी म्हणते आणि अहोजाहो करते. लिहिताना मात्र मी पद्माकरला अरेतुरेच करणार आहे, कारण मला त्याचा राग आहे आणि रागात आदरार्थी बहुवचन सांभाळणं मला जमत नाही. हा राग चांगला एकवीस वर्षांचा आहे. शेजारी म्हणून मी तो आजवर गिळला. सिंगापूरला, पासिर रिसच्या आमच्या ब्लॉकमध्ये आठव्या मजल्यावर त्याचं दार माझ्या दाराला लागून आहे. सकाळी कचरा टाकायला बाहेर पडलं की त्याचे बूट दिसतात आणि माझी सकाळ तिथेच बिघडते.

पद्माकर सरपोतदार. गाव राजापूरजवळ कुठेतरी. उमेदवारीत मुंबईला गोदीत वेल्डर होता, मग परीक्षा देऊन इन्स्पेक्टर झाला आणि सिंगापूरला आला. इथे एकतीस वर्षं त्याने तुआसच्या एका यार्डात जहाजांचे जोड तपासले. दोन पोलादी पत्रे जिथे वेल्डिंगने जोडलेले असतात तिथे हा टॉर्च लावून, भिंग धरून बघणार. बुडबुडा, भेग, खाच काही सापडलं की खिशातून पिवळा पेंट मार्कर काढायचा, त्या जागेभोवती गोल करायचा आणि शेजारी इंग्रजी आर लिहायचा. आर म्हणजे रिपेअर. प्रत्येक वेल्डर आपल्या जोडाशेजारी आपला नंबर लिहितो, त्यामुळे चूक कुणाची हे विचारावं लागत नाही. त्याच माणसाला बोलावून तो जोड खरवडायला लावायचा आणि पुन्हा करून घ्यायचा. "ज्याचा जोड त्याचीच दुरुस्ती," हे त्याचं वाक्य मी जेवताना इतक्या वेळा ऐकलंय की माझा नवरा उल्हास ते त्याच्या आधीच म्हणून टाकायचा.

तो मार्कर तो घरीही आणायचा. माझ्या दिवाळीच्या रांगोळीत एक पाकळी लहान होती, तिच्याभोवती त्याने गोल केला होता. कॉरिडॉरची फरशी तडकली होती तिथे गोल, वाण्याच्या बिलात बेरीज चुकली तिथे गोल. त्याची बायको संजीवनी खदाखदा हसायची. "उल्का, माझ्या नाकाभोवती केला नाही हे नशीब समज," म्हणायची. समुद्र जवळ म्हणून पासिर रिसचं घर तिनेच पसंत केलं होतं. यार्ड बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला. हा रोज कंपनीच्या बसमध्ये हाडं खिळखिळी करून घ्यायचा, तरी हसत घरी यायचा, कारण घरात संजीवनी होती. तेव्हा मला तो आवडायचा. हे कबूल केलं पाहिजे, नाहीतर पुढचा राग कळायचा नाही.

तेव्हा तो गोष्टीसुद्धा सांगायचा. एका संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये चटई टाकून आम्ही बसलो होतो. त्यांची गार्गी सहा वर्षांची होती. पद्माकरने लहानपणी काजूच्या बागेत पाहिलेल्या खवले मांजराची गोष्ट सांगितली. काठीने डिवचलं तसं ते गुंडाळी करून बसलं. माणसं दमली, कंटाळली, घरी गेली. हा एकटा झाडामागे थांबला. बऱ्याच वेळाने गुंडाळी सैल झाली आणि आतून पिल्लू बाहेर आलं. "काठ्या सगळ्या आईच्या पाठीवर," तो म्हणाला, "पिल्लाला ओरखडासुद्धा नाही." गार्गी आ वासून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी तिने चित्र काढलं. आता हे चित्र जगात फक्त मराठी घरातलंच पोर काढू शकतं. शाळेत तिला त्या प्राण्याचं इंग्रजी नाव, पँगोलिन, कुणी सांगितलं असतं तर तिने ग्रंथालयातलं पुस्तक उघडून बघितलं असतं. पण बाबांनी सांगितलं होतं मांजर, मग तिने मांजरच काढलं. उभे कान, लांब मिशा, आणि अंगावर मासेवाल्याकडे दिसतात तसले खवले. पोटाशी पिल्लू, त्यालाही मिशा. पद्माकर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. त्याच्या आयुष्यात त्याने गोल न केलेली चूक तेवढी एकच. संजीवनीने ते चित्र फ्रिजवर लावलं.

तीन वर्षांनी संजीवनी आठ दिवसांच्या आजारात गेली.

त्यानंतर पद्माकरने काय करावं? नऊ वर्षांच्या मुलीला जवळ घ्यावं, तिच्याबरोबर रडावं, एवढं तरी. याने यार्डात जाऊन कायमची रात्रपाळी मागून घेतली. रात्रपाळी! गार्गी झोपायला आमच्याकडे. सकाळी ती शाळेला निघायची तेव्हा हा परत यायचा. दुपारी ती घरी यायची तेव्हा याची खोली आतून बंद. मी ऑफिसला जाताना त्यांच्या बुटांच्या कपाटावर स्टीलचा डबा ठेवून जायचे. ती पोर तो डबा उचलायची, आवाज होऊ नये म्हणून झाकण फडक्यात धरून उघडायची आणि बाबांची झोप मोडू नये म्हणून भिंतीला टेकून गपचूप जेवायची. हे मला तिने कधीच सांगितलं नाही. एकदा अर्ध्या दिवसाची रजा घेऊन मी लवकर आले तेव्हा खिडकीच्या गजातून मला दिसलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दार वाजवून त्याला उठवावं आणि चार शब्द सुनवावेत असं वाटलं. उल्हास म्हणाला, "त्याचं दुःख त्याला कळतं, आपण मध्ये पडू नये." मी पडले नाही. त्याबद्दल मला उल्हासचाही राग आहे आणि माझाही.

आणि मग त्या फ्रिजवरच्या चित्राचं झालं. गार्गी दहा वर्षांची असेल. ती सकाळी दूध काढायला गेली तर चित्रावर पिवळे गोल. कानांभोवती, मिशांभोवती, शेपटीभोवती. शेजारी त्याच्या सुवाच्य अक्षरात: 'मांजर नाही. कान नसतात. शेपूट जाड हवी.' आणि प्रत्येक गोलाशेजारी आर. गार्गी ते चित्र घेऊन माझ्याकडे आली आणि रडली नाही. तिने त्याचे बारीक बारीक तुकडे केले, माझ्या केराच्या डब्यात टाकले आणि म्हणाली, "मावशी, आज डबा नको." आईविना पोरीच्या चित्रावर पिवळे गोल मारणाऱ्या माणसाला काय म्हणायचं ते मला तेव्हाही सुचलं नाही. आजही सुचत नाही.

पुढचं सगळं सरळ. ती अकाउंट्स शिकली, नोकरीला लागली, आणि तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून चित्रं काढायला लागली. पद्माकर म्हणाला, "ज्या कामात चूक कशाला म्हणतात तेच ठरलेलं नाही, ते काम नव्हे." ती जुरोंग ईस्टला खोली घेऊन राहायला गेली. बापलेकीचं बोलणं बंद. हा रिटायर झाला, दिवसभर घरात, आणि तरी मुलीला एक फोन नाही. दिवाळीला मी दोन्हीकडे चकल्या पोचवायच्या आणि दोन्हीकडून एकमेकांबद्दल "ठीक ना?" एवढंच ऐकून यायचं. मी काय टपाल खातं आहे?

गेल्या महिन्यात गार्गीचा फोन आला. "मावशी, माझं exhibition आहे. जुरोंग ईस्टलाच, मॉलच्या वर छोटी gallery आहे. बाबांना घेऊन ये." मी म्हटलं, तूच बोलाव. ती म्हणाली, "मी बोलावलं तर येणार नाहीत lah. तू आण. एकदाच. या वेळी आले नाहीत तर मी परत विचारणार नाही, आणि हे मी चिडून सांगत नाहीये." चिडली असती तर बरं वाटलं असतं. तिचा आवाज सपाट होता, आणि त्या आवाजाने मी घाबरले.

मी सरळ जाऊन पद्माकरसमोर उभी राहिले. "भावजी, शनिवारी तीन वाजता तयार राहा. कुठे, कशाला, विचारायचं नाही." त्याने विचारलं नाही, म्हणजे त्याला कळलं होतं. शनिवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा. खिशात पिवळा मार्कर. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी तो मार्कर खिशात. पासिर रिसपासून जुरोंग ईस्टपर्यंत तासाभराच्या MRT ट्रेनच्या प्रवासात तो एकदाच बोलला. "एसीला आवाज येतोय," म्हणाला.

गॅलरीत बऱ्यापैकी गर्दी होती. समोरच्या भिंतीवर ते चित्र. माणसाच्या उंचीहून मोठं. आमचा कॉरिडॉर, आमची पिवळट भिंत, बुटांचं कपाट, आणि कॉरिडॉर अडवून गुंडाळी करून पडलेला एक अवाढव्य प्राणी. डोकं मांजराचं, उभे कान, लांब मिशा. अंगभर खवले, पण जवळ जाऊन बघितलं तर प्रत्येक खवला पोलादी पत्र्याचा आणि दोन खवल्यांमध्ये वेल्डिंगचा जोड, एकसारखा, नेटका. मागच्या पायांत यार्डातले बूट. गुंडाळीच्या मधोमध, जिथे पिल्लू असतं तिथे, काहीच रंगवलेलं नव्हतं. नुसता कोरा कॅनव्हास. आणि गुंडाळीच्या बाहेर, भिंतीला टेकून, माझा स्टीलचा डबा. झाकणावरचा पोचासुद्धा तिने रंगवला होता.



शेजारी इंग्रजीत पाटी होती. 'अतिवास्तव शैलीतील हा प्राणी स्थलांतरितांच्या दुभंगलेल्या अस्मितेचे रूपक आहे.' मी ती दोनदा वाचली आणि डोक्यात तिडीक गेली. कसली दुभंगलेली अस्मिता? हा आठव्या मजल्यावरचा सरपोतदार आहे! एक जोडपं चित्रासमोर सेल्फी काढत होतं. "Wah, pangolin ah? But got ears, so cute," बाई म्हणत होती. त्या बाईचा काही दोष नव्हता, पण मला तिलाही ढकलून द्यावंसं वाटलं.

पद्माकरने चष्मा बदलला. डावीकडून सुरुवात केली आणि एकेक हात सरकत उजवीकडे गेला, जहाजाच्या कडेने जात असल्यासारखा. गार्गी कोपऱ्यात उभी होती, हाताची घडी घालून. तिचा चेहरा पांढरा पडला होता. हा उजव्या टोकाला पोचला, मागे वळला आणि मोठ्याने म्हणाला, "कान! अजून कान? खवले मांजराला असे कान नसतात. मी तेव्हाच सांगितलं होतं."

एकवीस वर्षं गिळलेलं सगळं त्या क्षणी माझ्या तोंडातून बाहेर पडलं. "भावजी, लाज वाटते का हो तुम्हाला?" मी भर गॅलरीत ओरडले. "पोरीने तुमचं अख्खं आयुष्य भिंतीवर टांगलंय आणि तुम्ही कान मोजताय? ती जेवायची तेव्हा तुम्ही दाराआड झोपलेले. तिने चित्र काढलं तेव्हा तुम्ही त्यावर आर मारलेत. एक गोष्ट, आयुष्यात एक गोष्ट तरी तिची चूक न काढता बघितलीत का?" लोक वळून बघायला लागले. मराठी कुणाला कळत नव्हती, पण अशी भाषा सगळ्यांनाच कळते.

 पद्माकरने खिशातून मार्कर काढला आणि टोपण उघडलं.

दाराजवळच्या टेबलापाशी बसलेली गॅलरीतली मुलगी किंचाळली. "Uncle! Uncle, cannot touch!" मी त्याचा दंड धरायला धावले. पण गार्गी म्हणाली, "Leave him. मावशी, सोड त्यांना." त्याने मार्कर कानांकडे नेलाच नाही. तो खाली वाकला आणि त्या मधल्या कोऱ्या जागेभोवती त्याने गोल केला. मोठा, हात लांब करून, एका दमात. शेजारी आर लिहिला. मग वळून गार्गीला म्हणाला, "पिल्लू कुठाय? आत पिल्लू असतं. गोष्टच त्याची आहे."

"मला माहितीये," गार्गी म्हणाली. "मी तिथे नव्हते, बाबा. मी बाहेर होते. डब्यापाशी."

 तिचा आवाज चढला. इतक्या वर्षांत मी तिला प्रथमच ओरडताना ऐकलं. "तुम्ही वळून गोल झालात आणि आत कोणीच नव्हतं! आई गेली तेव्हा माझीपण आई गेली होती. You think only you lost her, is it? मला काठ्या लागत होत्या. तुम्ही कुणाला वाचवत होतात?" मग ती जवळ आली आणि त्या गोलावर बोट ठेवलं. "आर लिहिलात ना? मग नियमाने करा. हा जोड कुणाचा आहे? नंबर लिहा."

पद्माकर त्या गोलाकडे बघत राहिला. मार्कर हातात तसाच, टोपण उघडं. मला वाटलं, आता हा पाठ फिरवेल आणि चालायला लागेल, आणि मग सगळं संपलं. तसं झालं असतं तर मी त्याच्याशी या जन्मात बोलले नसते. पण तो पुन्हा वाकला आणि आरच्या शेजारी त्याने आकडा लिहिला. चारशे सतरा. मुंबईला गोदीत वेल्डर असतानाचा त्याचा नंबर. तो मला माहीत आहे, कारण संजीवनी त्याला चिडवायला चारशे सतरा म्हणून हाक मारायची.

"ते फ्रिजवरचं चित्र तुझ्या आईने लावलं होतं," तो म्हणाला. गार्गीकडे बघत नव्हता, चित्राकडेच. "रोज दूध काढताना दिसायचं. चुका शोधल्या की त्याच्याकडे बघता यायचं. एरवी बघता येत नव्हतं."

माझा राग यावर विरघळला असं कुणाला वाटत असेल तर तसं मुळीच नाही. उलट वाढला. एवढंच होतं तर वीस वर्षांपूर्वी बोलायला काय झालं होतं? जिभेला कुलूप होतं? एवढी दोन वाक्यं त्या पोरीला दहाव्या वर्षी मिळाली असती तर तिने चित्राचे तुकडे केले नसते. मी हे त्याला बोललेही. तो "हो" म्हणाला. नुसतं हो. हो म्हणणाऱ्या माणसाशी भांडताही येत नाही, त्याचा वेगळा संताप.

गॅलरीचे साहेब धावत आले, चित्र खराब झालं, उतरवायचं का म्हणून विचारू लागले. सेल्फीवाल्या बाईला ते सगळं आधीच ठरवलेलं नाटक वाटलं आणि तिने टाळ्या वाजवल्या. गार्गीने साहेबांना सांगितलं की चित्र आहे तसंच राहील, पाटी तेवढी काढा. मग ती बापाकडे वळली. "रिपेअर मारला की दुरुस्ती करायला यावं लागतं. पुढच्या शनिवारी, दुपारी. जेवायला या." पुढे म्हणाली, "पण मी काही बनवणार नाही. मला येत नाही. मला कुणी शिकवलं नाही." तिचा राग अजून होता. असायलाच हवा.

पुढच्या शनिवारी सकाळी अकरा वाजता माझं दार वाजलं. पद्माकर उभा. इस्त्रीचा शर्ट, हातात पातेलं, पातेल्याला फडकं. खिसा रिकामा होता. "वहिनी," तो म्हणाला, "तो डबा आहे का अजून?"

मी डबा काढून दिला. त्याने माझ्या ओट्यापाशी उभं राहून त्यात भात भरला, वर वरण ओतलं. थोडं सांडलं, ते फडक्याने पुसलं. त्याची पाठ वळल्यावर पातेल्यातलं उरलेलं वरण मी बोटाने चाखलं. मिठाचा पत्ता नव्हता. माझा हात सवयीने मिठाच्या बरणीकडे गेला. एवढी वर्षं त्या घरातल्या प्रत्येक गोष्टीत मीच मीठ घालत आले होते.

मी हात मागे घेतला. "झाकण घट्ट बसत नाही," मी म्हटलं, "सरळ धरा." आणि डबा तसाच जाऊ दिला.